पिकअपचा हौदा: अ‍ॅल्युमिनियम की पोलाद? निवड, तपासणी आणि निगा

पिकअपच्या हौद्याचा, म्हणजे माल भरायच्या मागच्या उघड्या भागाचा, विषय निघाला की दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘लोखंडाला तोड नाही’ हे एक आणि ‘अ‍ॅल्युमिनियम गंजतच नाही’ हे दुसरं. दोन्हींत तथ्य आहे, पण त्यातल्या एकावर भिस्त ठेवून गाडी घेतली तर काही वर्षांनी पस्तावायची वेळ येऊ शकते. पोलादी हौदा आधी मार खातो, मग त्या माराच्या जागी ओल धरते आणि गंज आतून पत्रा खात जातो. अ‍ॅल्युमिनियमचा हौदा पावसापाण्यात वर्षानुवर्षं उभा राहतो, पण टोकदार वस्तू उंचावरून पडली तर फाटतो, आणि दुसऱ्या धातूला चिकटून ओला राहिला तर त्याच जागी पोखरला जातो. म्हणून ‘कोणता धातू भारी’ याआधी ‘माझ्या हौद्यात काय पडणार आणि काय साचणार’ याचं उत्तर शोधावं लागतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत. त्या गाडी निवडण्यापासून तडा बुजवण्यापर्यंत जातात.

आधी धातूची ओळख

हा वाद पेटला तो २०१५ च्या मॉडेलपासून. फोर्डने एफ-१५० या पिकअपची बॉडी आणि हौदा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत आणला आणि गाडीचं वजन आधीच्या मॉडेलपेक्षा ७०० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ३१८ किलोंपर्यंत घटल्याचं सांगितलं. २०१७ मध्ये त्यांच्या जड कामाच्या सुपर ड्यूटी गाड्याही त्याच वाटेने गेल्या. २०१६ मध्ये शेव्हरोलेने जाहिरातीत आपल्या सिल्व्हराडो पिकअपचा पोलादी हौदा आणि एफ-१५० चा हौदा शेजारी ठेवून दोन्हींत पाच फुटांवरून ८२५ पौंडांचे, म्हणजे जवळपास ३७५ किलोंचे दगडी ठोकळे ओतले. अ‍ॅल्युमिनियमला भोकं पडली, पोलादाला पोचे आणि ओरखडे आले. ही जाहिरात प्रतिस्पर्ध्याची होती आणि चाचणीही त्यानेच निवडलेली होती, हे ध्यानात ठेवूनच तिच्याकडे पाहावं. तरी तिने दाखवलेला फरक धातूच्या स्वभावाशी जुळतो. तो का जुळतो, ते समजून घेतलं की पुढचे निर्णय सोपे होतात.

पोलादाची घनता दर घनमीटरला सुमारे ७८५० किलो, अ‍ॅल्युमिनियमची सुमारे २७००. म्हणजे वजन जेमतेम एक तृतीयांश. पण ताठपणाही साधारण त्याच प्रमाणात कमी: पोलादाचा यंग मापांक, म्हणजे ताठपणाचं माप, २०० ते २१० गिगापास्कल, अ‍ॅल्युमिनियमचा ७० च्या आसपास. त्यामुळे तेवढ्याच जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा बोटाने दाबला तरी तिप्पट लवतो. कंपन्या तो जाड करतात. सपाट पत्र्याचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाने वाढतो, म्हणून जाडी सुमारे १.४४ पट केली की ताठपणाची बरोबरी होते. ०.८ मिलिमीटरच्या पोलादी पत्र्याचं वजन चौरस मीटरला सुमारे ६.३ किलो भरतं. तेवढाच ताठ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा १.१५ मिलिमीटरचा लागतो आणि त्याचं वजन ३.१ किलो होतं. जाड असूनही अर्ध्या वजनात काम होतं, आणि या धातूची सगळी ओढ तिथेच आहे. हौदा हलका झाला की वाचलेलं वजन माल वाहायला वापरता येतं.

आता माराचं पाहू. साधं, मऊ पोलाद तुटण्याआधी मूळ लांबीच्या ३५ ते ४० टक्के ताणलं जातं. गाड्यांच्या पत्र्यांत वापरले जाणारे ६००० मालिकेचे अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातू २० ते २५ टक्क्यांपर्यंत जातात. दगडाचा कोपरा पत्र्यावर आदळतो तेव्हा सगळा जोर नखाएवढ्या जागेवर येतो. पोलाद तिथे वाटीसारखं खोल ताणलं जातं आणि बहुधा न फाटता थांबतं. अ‍ॅल्युमिनियमची ताणाची पुंजी लवकर संपते आणि वाटीच्या तळाशी चीर पडते. रुंद, बोथट वस्तू आदळली तर मात्र चित्र बदलतं, कारण जोर पसरतो आणि जाड पत्रा बरोबरीने टिकाव धरतो.

यात एक गोष्ट सहसा सुटते. हल्लीचे पोलादी हौदे जुन्या मऊ पोलादाचे नसतात, ते उच्च ताकदीच्या पोलादाचे असतात. ताकद वाढली म्हणून पत्रा पातळ करता येतो आणि पोचेही कमी पडतात. पण गंजाला ताकदीशी देणंघेणं नसतं, तो जाडी खातो. पातळ पत्र्याला आरपार भोक पडायला कमी वेळ लागतो. म्हणून ‘जुन्या गाड्यांचे हौदे वीस-वीस वर्षं टिकायचे’ या अनुभवावर आजच्या पोलादी हौद्याला सूट देऊ नका.

पायरी पहिली: मालाची वही करा

गाडी बघायला जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा: हौद्यात काय जाणार, ते कसं चढणार आणि कसं उतरणार. खरा निकाल ‘कसं’ याच्यात आहे. विटा हाताने रचल्या तर कोणत्याही धातूला काही होत नाही. त्याच विटा यंत्राच्या बादलीतून ओतल्या तर गोष्ट वेगळी. २० किलोंचा दगड एक मीटरवरून पडला की सुमारे २०० ज्यूल ऊर्जा घेऊन येतो. तोच अर्ध्या मीटरवरून पडला तर निम्मी. उंची हा तुमच्या हातातला आकडा आहे.

दगड, काँक्रीटचा राडारोडा, लोखंडी भंगार, यंत्रांचे सुटे भाग असा टोकदार माल ओतूनच भरायचा असेल तर माझा कौल सरळ पोलादाला. पत्रा जाड हवा, आणि गंजाशी लढायची तयारी पहिल्या दिवसापासून हवी. समुद्रकाठी काम असेल, थंड प्रदेशात रस्त्यावर मीठ टाकत असतील, हौदा महिनोन्‌महिने उघड्यावर ओला राहणार असेल आणि माल पेट्या, पोती, फर्निचर, अवजारं अशा प्रकारचा असेल तर अ‍ॅल्युमिनियम. लांबच्या फेऱ्या आणि वजनाची मर्यादा डोक्यावर असेल तरीही अ‍ॅल्युमिनियमच.

रसायनांची मात्र वेगळी ओळ ठेवा, कारण इथे अंदाज सपशेल चुकतात. अ‍ॅल्युमिनियमवर हवेत आपोआप जो ऑक्साइडचा पापुद्रा बसतो, तो साधारण ४ ते ९ या सामूच्या, म्हणजे पीएचच्या, पट्ट्यातच टिकतो. ओल्या सिमेंट-काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. ते उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर पडलं की पापुद्रा विरघळतो आणि धातू थेट खाल्ला जातो. पोलादाला तेच काँक्रीट सोसतं. किंबहुना काँक्रीटमधल्या सळ्या त्या क्षारामुळेच सुरक्षित राहतात. तेव्हा रोज ओलं काँक्रीट किंवा चुना वाहणाऱ्याने ‘न गंजणारा’ हौदा घेतला तर तो उलटा निर्णय ठरतो. पोटॅशियम क्लोराइडसारखी क्लोराइडयुक्त खतं आणि मीठ दोन्ही धातूंना वाईट. पोलाद सरसकट गंजतं, अ‍ॅल्युमिनियमला बारीक खोल खड्डे पडतात. तांब्याच्या क्षारांनी प्रक्रिया केलेलं लाकूड ओलं असताना अ‍ॅल्युमिनियमवर पडून राहू देऊ नये. तांब्याचे कण पत्र्यावर उतरतात आणि त्यांच्याभोवती धातू पोखरला जातो. तांब्याच्या तारांच्या तुकड्यांचंही तसंच.

पायरी दुसरी: नवी गाडी असेल तर हौद्याखाली वाकून बघा

वरून सगळे हौदे सारखेच दिसतात. खाली वाका. तळाच्या पत्र्याला आडवे आधार किती आणि किती अंतरावर आहेत ते पाहा. दोन आधारांमधली जागा जितकी मोठी, तितका तिथला पत्रा मऊ. तळावरच्या लांब नाळ्या नुसत्या पाणी जाण्यासाठी नसतात, घडीमुळे पत्रा ताठ होतो. नाळ्या उथळ असतील तर हाताने दाबून फरक कळतो.

खिशात एक चुंबक ठेवा. हौद्याचा तळ, बाजू, फाळका (मागचं खाली उघडणारं दार) आणि खालचे आधार प्रत्येकाला लावून बघा. काही गाड्यांत सगळे भाग एकाच धातूचे नसतात, आणि जिथे धातू बदलतो तिथेच पुढे लक्ष द्यावं लागतं. चासीला चुंबक चिकटेलच. एफ-१५० सारख्या अ‍ॅल्युमिनियमच्या गाडीचीसुद्धा चासी पोलादी आहे. ‘ही गाडी गंजत नाही’ असं कुणी म्हटलं तर त्याला चासी दाखवा. हौदा आणि चासी यांच्यामध्ये रबराचे किंवा प्लॅस्टिकचे वेगळेपण राखणारे तुकडे आहेत का, बोल्टवर लेप आहे का, तेही पाहून घ्या.

हौद्याची तिसरी जात म्हणजे संमिश्र प्लॅस्टिक. टोयोटा टाकोमामध्ये ते २००५ पासून आहे. ते गंजत नाही आणि त्याला पोचाही पडत नाही. तुमच्या बाजारात अशी गाडी मिळत असेल आणि माल फार टोकदार नसेल तर तीही यादीत असू द्या.

पायरी तिसरी: जुनी गाडी घेताना हौदा कसा तपासायचा

इथे घाई करू नका, अर्धा तास लागू द्या. हौद्यात प्लॅस्टिकचा सुटा लायनर, म्हणजे पत्रा झाकणारं अस्तर, बसवलेला असेल तर तो काढून दाखवायला सांगा. नकार मिळाला तर व्यवहार तिथेच थांबवावा, असं माझं मत आहे. सुट्या लायनरखाली वाळूचे कण आणि पाणी अडकतं, गाडी धावताना लायनर थरथरतो आणि ते कण पॉलिश पेपरसारखे रंग घासत राहतात. वरून चकचकीत दिसणाऱ्या लायनरखाली पत्रा चाळणी झालेला असू शकतो.

पोलादी हौद्यात चार जागा आधी बघा: चाकावरच्या कमानीची आतली कडा, केबिनकडच्या पुढच्या भिंतीचा तळाशी होणारा सांधा, फाळक्याची खालची घडी आणि पाणी जायची भोकं. कमानीच्या कडेला चाकाने उडवलेला चिखल साठतो आणि महिनोन्‌महिने ओला राहतो. तिथे स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकत जा. चांगला पत्रा टणटण वाजतो. आतून गंजलेला पत्रा बोदा, भरलेला आवाज देतो. तसा आवाज आला की टोकाने हळूच दाबा. रंगाचा फुगवटा फुटून तांबूस भुगा खाली आला तर गंज आतल्या बाजूने आलेला आहे, आणि वरून दिसतो त्यापेक्षा तो बराच पुढे गेलेला असतो. लोखंडाचा गंज मूळ धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांच्या सांध्यात तो शिरला की सांधा फुगतो आणि स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे जोडणारे वेल्डिंगचे ठिपके, उचकटू लागतात. सांध्याची सरळ रेघ लाटेसारखी दिसली की हेच समजायचं. चुंबक सगळीकडे फिरवा. एखाद्या जागी पकड ढिली वाटली तर रंगाखाली पुट्टी आहे.

अ‍ॅल्युमिनियमच्या हौद्यात चुंबकाचा उपयोग नाही, पुट्टी शोधायला रंगाची जाडी मोजणारं यंत्र लागतं. तेही अलोह धातूंवर चालणारं, म्हणजे एडी करंट पद्धतीचं हवं. फक्त लोखंडावर चालणारं स्वस्त यंत्र इथे काहीच दाखवणार नाही. मग बोल्ट आणि बिजागऱ्या बघा. पोलादी बोल्टभोवती रंग उचललेला, त्याखाली पांढरी पूड, आणि नखाने खरवडल्यावर खाली खडबडीत खड्डा लागला, तर दोन धातूंची बॅटरी तिथे सुरू झालेली आहे. रंगाखाली केसाएवढ्या, वळणावळणाच्या रेषा कडेपासून आत गेलेल्या दिसतील, तीही रंगाखालून सरकणारी झीजच. यानंतर टॉर्च घेऊन हौद्याखाली जा आणि आधारांच्या टोकांशी, रिव्हेटच्या रांगांशी आणि नंतर पाडलेल्या भोकांच्या कडेला तडे शोधा. पोलादात ठरावीक मर्यादेच्या आतला ताण कितीही वेळा आला तरी तडा जात नाही. अ‍ॅल्युमिनियमला अशी ठाम मर्यादा नाही. छोटे ताणही लाखो वेळा आले की थकवा साठत जातो. बॉडी बनवणारे म्हणूनच तो ताण खूप खाली ठेवतात. पण कुणी मनाने भोक पाडून जड पेटी लटकवली असेल तर तो हिशेब मोडलेला असतो.

पायरी चौथी: माल भरण्याआधी संरक्षण

कोणताही धातू असो, हौदा नवा आणि कोरडा असतानाच हे काम करून घ्या. सुट्या लायनरचं वर सांगितलंच, मी तो सुचवत नाही. जाड रबरी मॅट उत्तम, विशेषतः अ‍ॅल्युमिनियमसाठी. मॅट टोकाचा जोर पसरवते आणि पडलेल्या दगडाचा वेग थोडा जास्त अंतरात मारते. अट एकच, महिन्यातून एकदा तरी ती उचलून खालचं धुवायचं आणि वाळवायचं.

फवाऱ्याने मारायचा पॉलियुरिया किंवा पॉलियुरेथेनचा लेप पत्र्याला चिकटून बसतो, खाली पाणी शिरायला जागा राहत नाही. पण हा लेप टिकतो तो खालच्या तयारीवर. काम करून घेताना समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. पहिली, तेल-मेण काढणाऱ्या द्रावणाने हौदा पुसला का. दुसरी, सगळा पृष्ठभाग, कोपऱ्यांसकट, खरवडून त्याची चमक घालवली का. तिसरी अ‍ॅल्युमिनियमसाठी खास: उघडा धातू दिसेल तिथे प्रायमर लगेच मारला का. खरवडलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइड लगेचच पुन्हा बसू लागतो, आणि ‘उद्या सकाळी मारू’ असं म्हटलं की चिकटण्याची ताकद गेली. त्याच कामगाराने आधी लोखंडावर वापरलेली घासचकती अ‍ॅल्युमिनियमवर फिरवली तर लोखंडाचे कण पत्र्यात रुततात आणि काही महिन्यांत लेपाखाली फोड येतात. नवी चकती काढायला सांगायला अजिबात संकोच करू नका. पाणी जायची भोकं लेपाने बुजलेली नाहीत ना, तेही गाडी ताब्यात घेण्याआधी बघा.

पोलादी पत्र्यावर कारखान्यातून जस्ताचा मुलामा असतो, गाड्यांच्या पत्र्यावर तो साधारण ७ ते १० मायक्रॉन. ओरखडा लोखंडापर्यंत गेला तरी शेजारचं जस्त आधी झिजतं आणि काही काळ लोखंड वाचवतं. हा काही काळ म्हणजेच तुमची दुरुस्तीची मुदत. दरवर्षी सांध्यांत आणि पोकळ कडांमध्ये मेणयुक्त गंजरोधक फवारून घेतला तर पोलादी हौद्याचं आयुष्य खरोखर वाढतं, कारण गंज बहुतेक वेळा आपल्याला न दिसणाऱ्या बाजूनेच सुरू होतो.

पायरी पाचवी: काहीही बसवायचं असेल तर धातू अलग ठेवा

पेटी, रॅक, कड्या बसवताना सगळ्यात जास्त हौदे बिघडतात. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये पाणी आलं की वीज वाहू लागते आणि त्यातला सक्रिय धातू झिजतो. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम या जोडीत झिजतो तो अ‍ॅल्युमिनियम. पाणी खारट असेल तर वेग खूप वाढतो. झिजणारा भाग मोठा आणि दुसरा लहान असेल, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या पत्र्यात स्टेनलेसचा छोटा बोल्ट असेल, तर नुकसान सावकाश होतं. उलट केलं, म्हणजे पोलादी पत्र्यात अ‍ॅल्युमिनियमचा रिव्हेट मारला, तर रिव्हेट भराभर खाल्ला जातो.

व्यवहारात काय करायचं, तर अ‍ॅल्युमिनियमच्या हौद्यात साधे, उघडे लोखंडी बोल्ट वापरायचे नाहीत. लेप दिलेले किंवा स्टेनलेसचे घ्यायचे, खाली नायलॉनचा वॉशर, भोकात नायलॉनची नळी आणि आट्यांवर अलगता राखणारी पेस्ट लावायची. भोकाची कडा कानशीने गुळगुळीत करून तिला प्रायमर लावायचा. कडा खरबरीत राहिली तर तडा तिथूनच सुरू होतो. पोलादी हौद्यावर अ‍ॅल्युमिनियमची अवजारपेटी बसवायची असेल तर मध्ये पाणी न शोषणारी रबरी पट्टी हवी. फोम किंवा कापडाची पट्टी पाणी धरून ठेवते, ती नसलेली बरी. पोलादात पाडलेल्या भोकाला जस्तयुक्त प्रायमर लावा आणि भुगा झाडून नव्हे, व्हॅक्यूम क्लीनरने ओढून घ्या. हौद्यात राहिलेला लोखंडी भुगा दोन पावसांत तांबूस ठिपके सोडतो.

उष्णतेचाही हिशेब ठेवा. तापमान ५० अंशांनी वाढलं तर दोन मीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा तळ सुमारे २.४ मिलिमीटर लांबतो, पोलादी १.२. अ‍ॅल्युमिनियमच्या हौद्यावर लांब पोलादी रॅक दोन्ही टोकांना घट्ट आवळला तर तेवढा फरक भोकांवर येतो. एका टोकाची भोकं लांबट ठेवा.

पायरी सहावी: भरणं, धुणं

ओतून भरायचं असेल तर आधी वाळू, माती किंवा बारीक मालाचा थर, मग मोठे दगड. थर नसेल तर फळ्या किंवा जाड प्लायवूड अंथरा. प्लायवूड पोलादी हौद्यात कायमचं ठेवू नका, ते पाणी धरतं. बादली जितकी खाली आणता येईल तितकी आणा. जड, टोकदार वस्तू आधाराच्या रेषेवर ठेवा, दोन आधारांमधल्या मोकळ्या पत्र्यावर नको. माल बांधून ठेवा. सरकणारी वस्तू वळणावळणाला रंग खरवडते, आणि पोलादात गंजाला तेवढं पुरेसं होतं.

ओलं सिमेंट, खत किंवा मीठ वाहिलं तर त्याच दिवशी धुवा. सामू सातच्या आसपास असलेला साबण घ्या. तीव्र क्षारी साफसफाईची द्रावणं आणि चाकांसाठीची आम्लं अ‍ॅल्युमिनियमपासून लांब ठेवा. घासायला नायलॉनचा ब्रश, अगदीच लागला तर स्टेनलेसचा, आणि तोही पोलादावर न वापरलेला. धुतल्यावर फाळका उघडा ठेवून गाडी थोड्या उतारावर उभी करा, पाणी पूर्ण निघू द्या.

पायरी सातवी: इजा झाल्यावर

पोलादातला ओरखडा जस्ताच्या खाली गेला असेल तर त्याच आठवड्यात हात घाला. गंज चमकदार धातू दिसेपर्यंत घासून काढा. खड्ड्यांत राहिलेल्या गंजाला फॉस्फरिक आम्लाचं द्रावण लावा, सांगितलेला वेळ थांबा, पाण्याने पुसून पूर्ण वाळवा, मग एपॉक्सी प्रायमर आणि रंग. गंजावर थेट रंग मारणं म्हणजे तो झाकून ठेवणं. भोक पडलं असेल तर भोकाभोवतीचा पातळ झालेला पत्राही कापा. चांगला, जाड धातू लागेल तिथे थांबा आणि नवा तुकडा वेल्ड करा. जस्त लावलेला पत्रा वेल्ड करताना निघणारा पांढरा धूर घेऊ नका, त्याने ताप येतो. हवा खेळती हवी आणि वेल्डिंगच्या जागेवरचं जस्त आधी घासून काढायचं. वेल्डच्या मागच्या बाजूला पुन्हा गंजरोधक मारायला विसरू नका. बहुतेक ठिगळं तिकडूनच परत गंजतात.

अ‍ॅल्युमिनियमचा पोचा ठोकून सरळ करणं हे नेहमीच्या डेंटिंगवाल्याचं काम नाही. हा धातू ठोकला की कडक होतो आणि पुन्हा ठोकला की तडकतो. गरम करून मऊ करता येतो, पण तापताना रंग बदलत नाही. २०० ते २५० अंशांच्या पुढे गेला की मिश्रधातूची ताकद उतरते आणि ६०० अंशांच्या आसपास तो वितळू लागतो, डोळ्याला काही कळायच्या आत. वेल्डिंगला शुद्ध आर्गॉन लागतो, आणि ते अवघडही असतं, कारण वरचा ऑक्साइड २००० अंशांच्याही वर वितळतो आणि खालचा धातू त्याच्या कितीतरी आधी. म्हणून कंपन्या बऱ्याच जागी रिव्हेट आणि चिकटपदार्थ वापरतात. अशा कामाला वेगळी अवजारं आणि वेगळी जागा लागते. खर्चही त्यानुसार: अमेरिकेतल्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूट फॉर हायवे सेफ्टीने २०१५ मध्ये कमी वेगाच्या धडकेनंतरच्या दुरुस्तीची तुलना केली, तेव्हा अ‍ॅल्युमिनियमची एफ-१५० आधीच्या पोलादी मॉडेलपेक्षा २६ टक्के महाग पडली. गाडी घेण्याआधी जवळ असं काम करणारं गॅरेज आहे का, ते शोधून ठेवा. नसेल तर माझ्या मते पोलादाच्या बाजूला ते एक मोठं वजन आहे.

तळाला छोटी चीर पडली असेल तर वेल्डिंगशिवाय चालणारा उपाय आहे. चिरेच्या दोन्ही टोकांना साधारण ३ मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. टोक नेमकं कुठे संपतं ते भिंगातून बघा, केसाएवढी चीर भोकाच्या पुढे राहिली तर काम वाया. कडा बसवून सपाट करा. दोन्ही पृष्ठभाग खरवडून, पुसून, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त जाडीचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा स्ट्रक्चरल, म्हणजे भार पेलणाऱ्या, चिकटपदार्थाने बसवा आणि अ‍ॅल्युमिनियमच्याच रिव्हेटने पक्का करा. तुकड्याचे कोपरे गोल ठेवा. कडेला सीलर भरा. अ‍ॅल्युमिनियमचा बारीक भुगा आणि लोखंडाचा गंज एकत्र साठू देऊ नका, ते मिश्रण ठिणगी लागली तर भयानक तापाने जळतं. भुगा गोळा करण्याचं भांडंही वेगळंच हवं.

पायरी आठवी: हौदा बदलायची वेळ

पोलादी हौद्यात खालचे आडवे आधार गंजले, किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या आधारांना एकापेक्षा जास्त ठिकाणी तडे गेले, की ठिगळं लावणं थांबवा. बहुतेक पिकअपचा हौदा चासीवर मोजक्या बोल्टने बसवलेला असतो आणि अख्खा उचलता येतो. उचलण्याआधी मागच्या दिव्यांच्या तारा आणि इंधन भरायच्या नळीचं तोंड सोडवा. हौदा बाजूला झाला की चासीचा वरचा भाग पहिल्यांदाच पूर्ण दिसतो. तिथला साचलेला चिखल काढा, गंज घासा, प्रायमर आणि मेण मारा, इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या तपासा. दुसरा हौदा बसवताना जुने रबरी तुकडे परत वापरू नका. बोल्ट नवे घ्या, कंपनीच्या पुस्तिकेत दिलेल्या जोरानेच टॉर्क पान्याने आवळा, आणि माल भरून काही शे किलोमीटर चालवल्यावर तोच पाना पुन्हा एकदा फिरवून बघा.